शरीर एक, पाहणारे तिघे : सोलापुरातील डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहर व जिल्ह्यातील सर्व डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि वैद्यकीय व परिचर्या महाविद्यालयांतील शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

रुग्णालयाच्या खाटेवर पडलेले शरीर एकच असते, पण त्याकडे तिघे जण तीन तऱ्हांनी पाहत असतात. डॉक्टरांना ते तपासणीतून आणि रिपोर्टांतून दिसते. ज्याचे ते आहे त्याला ते आतून जाणवते. आणि जो त्या माणसाला उठवतो, बसवतो, पुसतो, भरवतो, त्याला ते हाताला कळते. यांतल्या पहिल्या पाहण्याला केसपेपरात जागा आहे. उरलेल्या दोहोंना जवळजवळ नाही, आणि त्यामुळे उपचार अपुरे पडतात, कधी चुकीच्या वाटेनेही जातात, असे माझे अनुभवाअंती झालेले मत आहे. ते आपल्यापुढे थोडे विस्ताराने मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझ्या आईने उभे आयुष्य विड्या वळल्या. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पाने, मान खाली, बोटांत दोरा, आणि हजाराचा हिशेब पुरा होईपर्यंत जागचे हलायचे नाही, ही तिची बैठक मी लहानपणापासून पाहत आलो. सत्तरी ओलांडल्यावर तिला अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला आणि शरीराची डावी बाजू गेली. तेव्हापासून माझी पत्नी, माझी बहीण आणि मी तिची शुश्रूषा करत आहोत.

झटक्यानंतर काही दिवसांनी आईने मला तेलुगूत विचारले की हा कुणाचा हात माझ्या अंगावर आणून ठेवला आहे, तो आधी उचल. तो तिचाच डावा हात होता. मी तो उचलून तिला दाखवला, त्यातली बांगडी दाखवली, तरी तिचे म्हणणे कायम राहिले. बांगडी आपली आहे हे तिने मान्य केले, हात मात्र आपला नाही. घरात एकच घबराट उडाली. कुणी म्हणाले म्हातारी भ्रमिष्ट झाली, कुणी म्हणाले बाहेरचे काहीतरी आहे, उतारा टाका. त्याच सुमारास माझ्या पत्नीच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली होती. आई ताटातला उजवीकडचा भात-वरण खायची आणि डावीकडचा तसाच ठेवून पोट भरले म्हणायची. पत्नीने एकदा ताट फिरवून ठेवले. आईने उरलेलेही खाल्ले आणि पुन्हा कशाला वाढलेस म्हणून तिलाच दटावले.

ही गोष्ट आम्ही राऊंडच्या वेळी सांगितली, तेव्हा मुख्य डॉक्टरांचे उत्तर आले, "जेवतात ना? मग झालं." ते रुग्णालय कोणते हे येथे सांगण्याची गरज नाही, कारण असे उत्तर कुठेही मिळू शकते. त्याच दिवशी संध्याकाळी एक तरुण निवासी डॉक्टर परत आले, त्यांनी माझ्या पत्नीला ताटाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली आणि ती केसपेपरावर लिहून घेतली. मेंदूच्या उजव्या बाजूचा विशिष्ट भाग आपल्या डाव्या अंगाचा आणि डावीकडच्या जगाचा हिशेब ठेवत असतो. तो भाग निकामी झाला की डोळे शाबूत असूनही माणसाला डावी बाजू नसल्यासारखीच होते, त्यात वेड नाही आणि बाधाही नाही, हे त्यांनी आम्हाला समजावले. मग फिजिओथेरपिस्टनी आम्हाला आईच्या डाव्या बाजूला बसून बोलायला सांगितले, म्हणजे तिचे लक्ष पुन्हापुन्हा तिकडे वळेल. आमच्या घरातली भीती त्या दिवशी संपली. एमआरआयने मेंदूत काय बिघडले ते दाखवले होतेच. त्या बिघाडामुळे या बाईच्या जगातले काय नाहीसे झाले, हे मात्र स्वयंपाकघरातल्या ताटाने दाखवले. आणि ते पाहणाऱ्या बाईला कोणी आपणहून विचारले नव्हते.

आपल्या शास्त्राचे मोठेपण मी कमी लेखत नाही. शरीर उघडून पाहण्याचे धैर्य माणसाने मोठ्या कष्टाने मिळवले. सुश्रुताने शव वाहत्या पाण्यात पिंजऱ्यात ठेवून, सात रात्रींनंतर कुंच्याने हळूहळू एकेक थर खरवडून पाहण्याची रीत सांगितली आहे, आणि प्रत्यक्ष पाहिलेले व शास्त्रात वाचलेले एकत्र आले की ज्ञान वाढते असेही म्हटले आहे. १८१६ साली पॅरिसमध्ये लाएनेक यांना एका तरुणीच्या छातीला कान लावणे प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी कागदाची सुरळी करून तिच्यातून ठोके ऐकले आणि त्यातून स्टेथोस्कोप आला. १८९५ साली रॉन्टगेन यांना क्ष-किरण सापडले आणि कातडी न चिरता हाड दिसू लागले. या प्रत्येक पावलासरशी डॉक्टरांना शरीराच्या आतले अधिक दिसू लागले, आणि त्याचबरोबर डॉक्टर आणि शरीर यांच्यामध्ये एकेक वस्तू येत गेली. लाएनेक यांच्या सुरळीत त्या तरुणीच्या संकोचाचा मान होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आज मशीन मधे आहे, पण तो मान प्रत्येक ठिकाणी उरला आहे असे म्हणवत नाही.

रुग्णाला आपले शरीर कसे दिसते, हा प्रश्न सोलापुरात तर कामाशी अगदी जखडलेला आहे. आईची पाठ अनेक वर्षांपासून दुखत होती. तपासताना तिला विचारले जायचे, शून्य ते दहा यांपैकी किती दुखते? ती गप्प बसायची. मग कुणीतरी अंदाजाने पाच लिहायचे. घरी मात्र ती स्वच्छ सांगत असे की पूर्वी हजार वळून उठायचे, मग पाचशेला पाठ भरायला लागली, आता दोनशेलाच उठावे लागते. याहून नेमके मोजमाप कोणते असणार? यंत्रमागावर काम केलेल्या माणसाला ऐकू कमी येते का असे विचारले तर तो नाही म्हणेल, कारण मागाच्या खडखडाटात त्याच्या सोबतचे सगळेच तितकेच कमी ऐकतात. पण घरात टीव्हीच्या आवाजावरून भांडण होते का असे विचारा, लगेच उत्तर मिळेल. ऊसतोडणीला जाणारी बाई कंबर दुखते असे क्वचितच म्हणते, ती म्हणते मोळी डोक्यावर चढत नाही. कष्टकऱ्याला शरीर अवयवांच्या रूपात दिसत नाही. होणाऱ्या आणि न होणाऱ्या कामांच्या रूपात दिसते, आणि जोवर काम होते तोवर दुखणे अंगावर काढले जाते. म्हणून माझी विनंती आहे की वेदनेचा आकडा जरूर विचारा, पण त्याच्या आधी हा माणूस दिवसभर काय काम करतो आणि त्यातले कोणते काम आता होत नाही, हे विचारा आणि त्याच्याच शब्दांत लिहा. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा तिच्या टिपांमध्ये स्पष्ट नोंदवले की माणूस आपल्याला वेदना होते असे सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा आदर केला पाहिजे, आणि बोलता येत नाही म्हणजे वेदना होत नाही असे समजू नये. ज्याची घरची भाषा तेलुगू, कन्नड किंवा दखनी आहे आणि मराठी बाजारापुरती आहे, अशा आपल्या शहरातल्या हजारोंना हे दुसरे वाक्य थोड्याफार फरकाने लागू पडते. पाच वाक्यांत सांगितलेले दुखणे नातेवाइकाच्या तोंडून दोन वाक्यांचे होते आणि कागदावर एका शब्दाचे.

रुग्णाचे सांगणे नेहमी बरोबरच असते असा माझा दावा नाही, आणि तसे म्हणणे अप्रामाणिक ठरेल. मधुमेहाचेच पाहा. अनेक वर्षांच्या वाढलेल्या साखरेने पायाच्या नसा बधिर होतात आणि मग पाय दुखायचा थांबतो. रुग्ण म्हणतो, पाय आता बरा आहे. चैत्र-वैशाखात सोलापूरची फरशी आणि डांबर काय तापते ते आपण जाणतोच. अशा बधिर पायाला त्यावर अनवाणी चालताना फोड आलेला कळत नाही, चपलेतला खडा कळत नाही, आणि जखम दिसते तेव्हा ती पार हाडापर्यंत गेलेली असते. येथे आतून जाणवणारे शरीर माणसाला फसवते आणि डॉक्टरांची तपासणीच खरे सांगते. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून, डोळे मिटलेल्या रुग्णाला तो कळतो का हे पाहायला काही मिनिटे लागतात आणि खर्च नगण्य येतो. पण ही तपासणी करताना रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना ती दाखवा. मुलाच्या किंवा सुनेच्या तळव्याला आधी धागा लावा, त्यांना तो लगेच कळेल. मग रुग्णाला लावा. आपल्या पायाने आपल्याला सांगायचे बंद केले आहे, हे रुग्णाला त्या क्षणी पटते आणि रोज रात्री पाय तपासायचे काम घरातला कोणीतरी अंगावर घेतो. ज्याचा पाय कापावा लागला, त्याला नसलेल्या अंगठ्याला खाज सुटते, पोटरीत गोळे येतात. वॉर्डात लोक त्याला हसतात. हे होणार आहे आणि याला वैद्यकशास्त्रात नाव आहे, एवढे शस्त्रक्रियेआधी सांगितले तरी तो माणूस स्वतःवर संशय घेत रात्र काढणार नाही.

आमच्या बाजूच्या गैरसमजांबद्दलही बोलले पाहिजे. सलाईन लावा म्हणजे ताकद येईल, असा हट्ट नातेवाईक धरतात आणि कधी डॉक्टरांशी भांडतात. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असते, आणि त्याच मापाच्या पाच टक्के ग्लुकोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर. पाणी कमी पडलेल्या रुग्णाला ती जीवदान देते हे खरेच, पण थकव्यावरचे ते औषध नव्हे. हे एकदा बाटली हातात घेऊन समजावून सांगणारे कोणी भेटत नाही, म्हणून तो समज पिढ्यान्‌पिढ्या चालतो. काही दवाखान्यांत तो समज सोयीचा म्हणून जोपासलाही जातो, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आता हाताला कळणाऱ्या शरीराविषयी. खिळून पडलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस द्यायची हे सगळ्यांना सांगितले जाते. का द्यायची, हे फार थोड्यांना सांगितले जाते. हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस दबून राहिले की तिथला रक्तपुरवठा अडतो आणि कातडी आतून मरू लागते. माकडहाड, टाचा, घोटे, खुबा, कोपरे, डोक्याची मागची बाजू या तिच्या जागा. पुस्तकात पहिली खूण लालसरपणाची दिलेली असते, बोटाने दाबल्यावर न फिटणाऱ्या लालीची. आईच्या सावळ्या अंगावर ती लाली दिसतच नाही. तिथे हाताला कळते. माझ्या बहिणीने एका रात्री माकडहाडाच्या जागी तळहात ठेवला आणि म्हणाली, इथं आजूबाजूपेक्षा गरम लागतंय आणि कातडी घट्ट झालीय. उजेडात पाहिले तर काहीच दिसत नव्हते. सकाळी सिस्टरना सांगितले. त्यांनी स्वतः हात लावून पाहिला, मान डोलावली, आणि त्या दिवसापासून आईला त्या जागेवर टेकू दिले नाही. जखम झाली नाही. सावळ्या त्वचेवर तापमानातला आणि घट्टपणातला फरक हीच आधीची खूण असते, हे मला नंतर कळले. बहिणीला ते कुणी शिकवले नव्हते, रोज तेच अंग पुसणाऱ्या हाताला ते आपोआप आले. हे ज्ञान जर रोज सकाळी केसपेपरावर एका ओळीत उतरले, तर किती जखमा होण्याआधीच थांबतील याचा आपण विचार करावा.

याच्या उलट प्रकारही पाहिला. झटक्याने लुळ्या पडलेल्या बाजूच्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल होतात, त्यामुळे हात धरून किंवा काखेत हात घालून ओढले की खांदा निखळतो. वॉर्डातले मामा आईला स्ट्रेचरवरून खाटेवर घेताना तिच्या डाव्या हाताला धरून ओढणार होते. माझ्या पत्नीने त्यांना अडवले, तेव्हा त्यांना तिचा राग आला. त्यांचा तरी काय दोष? त्यांना कोणी शिकवलेच नाही. मामा आणि मावशी हे रुग्णाच्या शरीराला दिवसातून सर्वाधिक वेळा हात लावणारे लोक आहेत आणि त्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद सर्वांत तोकडी आहे. कंत्राटी पद्धतीत तर आज आलेला उद्या असेलच असे नाही.

सर्वांत अवघड गोष्ट लाजेची. आई बोलू शकत होती, पण सुरुवातीला शब्द जड यायचे. राऊंडला आलेल्या मंडळींनी तिचे पांघरूण ओढून बाजूला केले, पाठीमागून उघडा असलेला तो झगा वर सारला, आणि पडदा न ओढता, शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाच्या नातेवाइकांसमोर, तिच्या पायांच्या प्रतिक्षिप्त क्रियेबद्दल विद्यार्थ्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. आई चालणाऱ्या उजव्या हाताने चादर चाचपत राहिली. कुणाचे तिकडे लक्ष नव्हते, कारण सगळे तिच्या पायांकडे पाहत होते. ज्या बाईने आयुष्यात मुलासमोर कधी पदर ढळू दिला नाही, तिला मी आंघोळ घालायला गेलो तेव्हा तिने डोळे घट्ट मिटून मान भिंतीकडे वळवली. तेव्हापासून ते काम पत्नी आणि बहीण करतात. मी फक्त उचलण्यापुरता आत जातो आणि तोंड फिरवून उभा राहतो. पण त्याच वॉर्डात एक ज्येष्ठ परिचारिका होत्या. त्या दोन चादरी घेऊन यायच्या. अंग पुसताना एक हात उघडा, बाकी सारे झाकलेले. तो पुसून कोरडा झाला की झाकायचा आणि मग दुसरा. हात लावण्याआधी प्रत्येक वेळी, आजी, आता पाठ पुसते, असे सांगायच्या. आईचे अंग त्यांच्या हाती सैल पडायचे आणि इतर वेळी ताठ व्हायचे. हा फरक रक्तदाबाच्या आकड्यात आला असेल-नसेल, पण अंग पुसायला लागणारा वेळ निम्म्यावर आला होता, हे मी पाहिले आहे.

हा प्रश्न आजचा नाही. १८८३ साली अमेरिकेला निघण्यापूर्वी बंगालमधल्या श्रीरामपूरच्या सभेत आनंदीबाई जोशी यांनी आपण वैद्यक का शिकणार हे सांगितले, तेव्हा हिंदुस्थानातील बायकांना स्त्री डॉक्टरांची निकड आहे, हे त्यांच्या म्हणण्याच्या गाभ्याशी होते. आज आपल्याकडे स्त्री डॉक्टर पुष्कळ आहेत, नियमही आहेत. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पुरुष डॉक्टर स्त्री रुग्णाला तपासत असताना दुसरी स्त्री हजर असण्याचा हक्क नोंदवलेला आहे, आणि २०२१ साली महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती होऊन रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे बंधनकारक झाले. सनद भिंतीवर असते. खाटेभोवतीचा पडदा मात्र अनेकदा गुंडाळून दोरीने बांधलेला असतो. स्तनात गाठ लागली तरी बाई महिनोन्‌महिने सांगत नाही, अंगावरून जाते हे बहिणीलाही कळू देत नाही, याला आपण अज्ञान म्हणतो. तिने एकदा दवाखान्यात आपले शरीर चारचौघांत उघडे पडलेले अनुभवले असेल, तर तिच्या गप्प बसण्याला अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल.

संमतीबद्दलही एक स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. आई शुद्धीवर होती, समजत होती, तरी नाकातून नळी घालायची की नाही हे मला विचारले गेले आणि सही माझी घेतली गेली. आईचा मुलगा म्हणून माझ्यावर तो विश्वास होता, हे मी समजू शकतो. पण शरीर तिचे होते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितले आहे. तिथे रुग्ण स्त्रीने केवळ निदानासाठीच्या तपासणीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि बीजांडे काढण्यात आली. सज्ञान आणि सक्षम रुग्णाच्या जागी नातेवाइकाची संमती चालत नाही, आणि एका तपासणीसाठीची संमती दुसऱ्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. आमच्याकडे अजूनही "पिशवी काढून टाकू, कटकट जाईल" असे नवऱ्याला सांगितले जाते आणि बाई बाकावर बसून ऐकत असते. नळीबद्दल मी आईला विचारले, तेव्हा तिने एकच गोष्ट विचारली, की नळी असताना चव कळेल का. हा प्रश्न माझ्या मनात आलाच नसता. गिळण्याचा धोका संपेपर्यंत ती लागेल, मग काढता येईल, हे डॉक्टरांनी तिला सांगितल्यावर तिने मान हलवून होकार दिला.

शरीर कुणाला किती कळते, या प्रश्नाचा महाराष्ट्रातला सर्वांत ठळक दाखला केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचा आहे. १९७३ साली झालेल्या भीषण हल्ल्यानंतर २०१५ साली मृत्यू येईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. दयामरणासाठी सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या याचिकेत त्यांचे वर्णन जवळजवळ मृत असे केले होते. रुग्णालयाने न्यायालयाला सांगितलेले चित्र निराळे होते. इतक्या वर्षांत त्यांना एकदाही शय्याव्रण झाले नव्हते, आणि शौचाला जायचे असले की त्या जो आवाज करत तो परिचारिकांना ओळखू येत असे. दोन्ही बाजू एकाच शरीराबद्दल बोलत होत्या. दयामरणाच्या मोठ्या प्रश्नात मी येथे शिरत नाही. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, कारण रात्रंदिवस त्यांची सेवा त्यांनी केली होती, एवढेच मला येथे महत्त्वाचे वाटते. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या ज्ञानाला इतके वजन दिले, त्याला वॉर्डातल्या राऊंडमध्ये दोन मिनिटे मिळू नयेत?

आपल्यावरचा भार मला दिसतो. अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शी, शिवाय धाराशिव, विजयपूर, कलबुर्गी येथून रुग्ण सोलापुरात येतात. बाह्यरुग्ण विभागातली रांग सकाळी आठपासून लागते. त्यामुळे मी जे मागतो आहे ते थोडक्या वेळात होणारे आहे. राऊंडला आल्यावर रुग्णाला त्याच्या नावाने आणि नात्याने हाक मारून, हात लावण्याआधी एक वाक्य सांगा, पडदा ओढा. शुश्रूषा करणाऱ्याला विचारा, कालपासून तुम्हाला काय वेगळे वाटले, आणि त्याचे उत्तर लिहिण्यासाठी केसपेपरात एक ओळ राखून ठेवा. डिस्चार्जच्या कागदांबरोबर घरच्यांकडून कूस बदलणे, बसवून भरवणे, लघवीच्या पिशवीची निगा राखणे, हे एकदा प्रत्यक्ष करवून घ्या. तोंडी सांगितलेले रिक्षात बसेपर्यंत विसरायला होते. शुश्रूषा करणाऱ्यांच्या स्वतःच्या पाठीचे आणि मनगटांचे काय होते, तेही कधीतरी विचारा. त्या बहुतेक बायका असतात आणि त्या आपणहून सांगणार नाहीत.

वैद्यकीय शिक्षकांना माझी वेगळी विनंती आहे. आपल्या शहरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून डॉक्टर घडवत आहे. २०१९ पासून देशभर लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे स्वतंत्र पाठ आहेत, आणि पहिल्याच वर्षी शव हा आपला पहिला गुरू आहे असा एक पाठ विद्यार्थ्यांना दिला जातो. ज्याने देहदान केले त्याच्यापुढे हात जोडून शरीररचनेचा अभ्यास सुरू व्हावा, ही गोष्ट मला मनापासून भावते. पण शव बोलत नाही, लाजत नाही, चादर चाचपत नाही. म्हणून त्याच्यानंतरचा गुरू म्हणून जिवंत रुग्ण आणि त्याची शुश्रूषा करणारा माणूस विद्यार्थ्यांपुढे यावा. प्रत्येक विद्यार्थ्याने शिक्षणाच्या काळात एक तरी रात्र वॉर्डात डॉक्टर म्हणून नव्हे, तर शुश्रूषा करणाऱ्याच्या शेजारी स्टुलावर बसून काढावी, दोन वाजता कूस बदलायला हात द्यावा, आणि सकाळी त्याबद्दल एक पान लिहावे.

यासाठी आम्हीही उभे राहू. आमच्या गल्लीत आणि ओळखीत अशा काही बायका व पुरुष आहेत, ज्यांनी घरातल्या दीर्घ आजारी माणसाला सांभाळले आहे. वर्गात येऊन दाखवायला आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना उत्तरे द्यायला ते तयार आहेत. मी त्यांच्याशी बोललो आहे. त्यांना एक खाट, दोन चादरी आणि एक तास पुरेल. काहींना तेलुगूतच नीट बोलता येते, तेव्हा मराठीत सांगायला मी बरोबर येईन. बहुतेकींची मजुरी विड्यांच्या हिशेबावर चालते, म्हणून सुट्टीचा वार ठेवावा. वार आणि वेळ आपण कळवावी, ही विनंती.

आपला नम्र,
आईची शुश्रूषा करणारा एक मुलगा
पूर्व भाग, सोलापूर